झिंक फॉस्फेट की झिंक रिच? चॅसिसच्या पहिल्या थराचा घोळ

इंदूरला सियागंजात जाऊन "झिंकवाला इपॉक्सी प्रायमर द्या" म्हटलं, की समोर दोनपैकी कुठलाही डबा येऊ शकतो, झिंक फॉस्फेटचा किंवा झिंक रिचचा. फरक विचारला तर "दोनों सेम है भिया" हे उत्तर ठरलेलं. दोन्ही बहुधा राखाडी, दोन्ही बेस आणि हार्डनर अशा जोडीत मिळणारे, दोन्ही इपॉक्सी. घरी लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन सीटांची गाडी बांधणारे हौशी लोक असोत, नाहीतर पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी बग्गी बांधणारी कॉलेजची पोरं, सगळे इथेच फसतात. "झिंक जास्त म्हणजे गंज कमी" असा सरळ हिशेब मांडून महागडा, झिंक रिचचा डबा उचलतात आणि चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या नळ्यांच्या सांगाड्यावर, चुकीच्या जागी फासतात. दोन पावसाळ्यांत वेल्डच्या कडेने पापुद्रे सुटतात, आणि मग दोष कंपनीला.

झिंक फॉस्फेटबद्दल फार सांगत बसत नाही. लोखंडी जाळी, गेट, ट्रॉली रंगवलेल्या प्रत्येकाच्या हाताखालून तो गेलेला असतो. त्यातलं झिंक धातूच्या रूपात नसतं, ते पांढऱ्या क्षाराच्या पुडीच्या रूपात असतं. मुख्य काम इपॉक्सीचा घट्ट थर करतो, म्हणजे पाणी आणि हवा बाहेर ठेवतो. थोडा ओलावा झिरपलाच तर फॉस्फेट किंचित विरघळून लोखंडाचा पृष्ठभाग मंद करतं. पूर्वी हे काम झिंक क्रोमेट करायचं, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरला निमंत्रण देणारं असल्याने फॉस्फेट पुढे आलं. जुन्या गाडीचे भाग वापरत असाल आणि त्यावर पिवळट प्रायमर दिसला, तर तो कोरडा घासू नका.

आता झिंक रिच. यात जस्ताची खरीखुरी धातूची पूड असते, आणि तीही चिमूटभर नाही. आयएसओ 12944 या रंगकामाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वाळलेल्या थरात वजनाने निदान 80 टक्के जस्त असेल तरच त्याला झिंक रिच म्हणायचं. इतकं जस्त कशाला, हे कळलं की बाकी सगळं आपोआप सुटतं. जस्त लोखंडापेक्षा लवकर गंजतं. प्रमाण विभव, म्हणजे धातू किती सहज झिजतो याचं विजेतलं माप, पाहिलं तर जस्ताचं उणे 0.76 व्होल्ट, लोखंडाचं उणे 0.44. दोघं एकमेकांना टेकलेले असले आणि वर ओलावा आला, की एक बारीक बॅटरी तयार होते. तीत जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. दगडाने ओरखडा पडला तरी तो अरुंद असेल तर त्याच्या तळाशी लगेच गंज धरत नाही, कारण कडेचं जस्त आपला बळी देत असतं. झिंक फॉस्फेटला हे जमत नाही. इथपर्यंत झिंक रिच सरस आहे, यात वाद नाही.

पण या सगळ्यातला कळीचा शब्द आहे "टेकलेले". जस्ताचा कण शेजारच्या कणाला टेकलेला हवा, आणि सगळ्यात खालचा कण उघड्या लोखंडाला. चिक्कीत दाणे एकमेकांना भिडलेले असतात आणि गूळ जेमतेम धरून ठेवण्यापुरता असतो, तसा हा थर. मध्ये कुठेही वीज न वाहणारं काही आलं, की सर्किट तुटलं. मग उरतो तो फक्त राखाडी रंग, आणि रंग म्हणूनही तो दुबळाच, कारण कणांना धरून ठेवणारं रेझिन इतकं कमी की थर सच्छिद्र आणि ठिसूळ. झिंक फॉस्फेट निष्काळजीपणे लावला तर थोडा कमी टिकतो. झिंक रिच निष्काळजीपणे लावला तर तो साध्या प्रायमरपेक्षाही वाईट ठरतो. लोक अडखळतात ते नेमके इथे.

म्हणूनच "मजबुतीसाठी" रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर झिंक रिच, हा प्रकार पाहिला की चिडचिड होते. खालच्या रेड ऑक्साइडने जस्त आणि लोखंड यांची भेटच होऊ दिली नाही. वर कितीही महाग डबा ओता. रस्ट कन्व्हर्टरचंही तेच. गंजाला काळा करून बसवणारी ती औषधं लोखंडावर वीज न वाहणारा पापुद्रा ठेवतात. झिंक फॉस्फेटखाली तो एक वेळ खपतो, झिंक रिचखाली अजिबात नाही. पुट्टी, वॉश प्रायमर, कालचा फिकट राखाडी हात, सगळ्यांना हाच नियम: झिंक रिच पहिला, थेट उघड्या धातूवर, नाहीतर नकोच. शंका असेल तर सुटलेला पापुद्रा नखाने उचलून उलटा करून बघा. मागची बाजू लाल किंवा काळी निघाली, तर जस्ताने त्या गाडीत एक दिवसही काम केलेलं नाही.

उघडा धातू म्हणजे काय, तेही सांगायला हवं. एमरीने घासून चकचकीत केलेली नळी पुरत नाही. झिंक रिचला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कणांचा मारा, लागतं, आयएसओ 8501-1 या मानकातल्या एसए अडीच दर्जाचं, आणि पृष्ठभाग साधारण 40 ते 75 मायक्रॉन खडबडीत व्हावा लागतो. हॉट रोल्ड काळ्या नळीवरची निळसर-करडी मिल स्केल, म्हणजे गरम लाटताना धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा, हीच एक अडथळ्याची भिंत असते. घासून ती फक्त गुळगुळीत होते, जात नाही. कोल्ड रोल्ड पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेल्या (ईआरडब्ल्यू) नळीवर स्केल नसते, पण ती इतकी गुळगुळीत आणि तेलकट असते की कणांना धरायला जागाच नाही. वर चॅसिसची भूमिती आणखी वैरी. 25 बाय 25 ची, 1.6 मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी, चार-पाच नळ्या एकत्र येणारे सांधे, आणि त्यांच्या आतल्या कोपऱ्यांत ग्राइंडरची चकती शिरत नाही. तिथे हाताने घासून जे जमतं ते एसटी 2, फार तर एसटी 3 दर्जाचं. झिंक फॉस्फेटला तेवढं चालतं.

ब्लास्टिंग करायचंच तर सांवेर रोड किंवा पिथमपूर पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या कामावर ब्लास्टिंग करणारा गाठा, आणि गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरतो का ते विचारा. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नका, त्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ब्लास्ट झालेली चॅसिस टेम्पोत घालून घरी आणायची आणि रविवारी रंगवायची, हा बेतही बाद. चार तासांच्या आत प्रायमर पडला पाहिजे, हवा दमट असेल तर त्याहून लवकर. थोडक्यात, जिथे ब्लास्ट तिथेच प्रायमर.

डबा ओळखायचा सोपा उपाय म्हणजे तो उचलून बघणं. जस्त जड असतं, त्यामुळे झिंक रिचचा 4 लिटरचा सेट 10 किलोच्या आसपास भरतो. झिंक फॉस्फेटचा 5-6 किलोंचा. हातात हलका लागणारा "झिंक रिच" परत द्या. हेच जस्त डब्यात तळाशी दगडासारखं बसतं. वरवर ढवळून अर्धा डबा काढला तर गाडीवर रेझिन जातं आणि जस्त डब्यातच राहतं. सपाट पट्टी लावलेल्या ड्रिलने तळ खरवडत ढवळा, फवारताना गनचा कपही अधूनमधून हलवत राहा. रंग आवडला नाही म्हणून त्यात काळं टिंटर घालणाऱ्यांना काय म्हणावं?

आणखी एक सापळा वरच्या थराचा. झिंक रिचवर थेट सिंथेटिक एनॅमल मारू नका. जस्ताच्या झिजेतून जे क्षार तयार होतात ते अल्कधर्मी असतात. एनॅमलमधल्या तेलाचा त्यांच्यामुळे साबण होतो आणि काही महिन्यांत अख्खा थर चादरीसारखा निघतो. मध्ये इपॉक्सीचा थर हवाच. गंमत अशी की तो मधला थर म्हणून झिंक फॉस्फेटच उत्तम चालतो. म्हणजे झिंक रिचवर झिंक फॉस्फेट चालतो, उलटा क्रम चालत नाही. मधला थर द्यायला उशीर होऊन प्रायमरवर पांढरी भुकटी आली असेल, तर साध्या पाण्याने नायलॉनच्या ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढे जा.

बाकीचे फरक किरकोळ. किंमत वेगळी, वाळायचा वेळ थोडा वेगळा. बॅटरीच्या ट्रेला झिंक रिच नको, ॲसिड जस्त खातं. स्प्रे कॅनमधलं "कोल्ड गॅल्वनायझिंग" हे एका डब्यातलं झिंक रिचच आहे, त्याचा गरम जस्तात बुडवण्याशी काही संबंध नाही. आणि चकाकणारा चंदेरी स्प्रे असेल तर तो बहुतेक ॲल्युमिनियमचा. वेल्डिंगचा मुद्दा मात्र किरकोळ नाही. जस्त 907 अंशांना उकळतं, लोखंड वितळतं 1500 च्या आसपास. झिंक रिच लावल्यावर एखादा ब्रॅकेट जोडायचा राहिला, तर वेल्डमध्ये भोकं पडतात आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. घरच्या बांधणीत "एक ब्रॅकेट राहिला" हे कधीच संपत नाही.

म्हणून घरच्या गॅरेजमधल्या चॅसिसला झिंक फॉस्फेट, हे आमचं ठाम मत आहे. झिंक रिच त्यांनीच घ्यावा ज्यांची चॅसिस पूर्ण जोडून झाली आहे, अख्खी ब्लास्ट होणार आहे, आणि फवारणी त्याच शेडमध्ये त्याच दिवशी होणार आहे. यातली एकही अट सुटत असेल तर पैसे वाचवा.

काम कसं करायचं? आधी तेल काढा, मग घासा. उलट केलं तर तेल ओरखड्यांत भरतं. एका फडक्याने सॉल्व्हंट लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते वाळायच्या आत पुसायचं. सीओटू वेल्डिंगच्या शिवणीवर तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात, ते खरवडून काढाच. त्यांच्यावर कुठलाच रंग धरत नाही आणि गंजाची पहिली रेघ तिथूनच निघते. स्पॅटर, म्हणजे वेल्डचे उडून चिकटलेले थेंब, छिन्नीने उडवा. मग 80 नंबरच्या एमरीने सगळीकडे घासा आणि पुन्हा पुसा. बेस आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, मापाने. अंदाजाने हार्डनर वाढवून लवकर वाळत नाही, थर चिकट राहतो. मिसळल्यावर डब्यावर सांगितला असेल तेवढा, बहुधा 15 ते 30 मिनिटं, दम द्या, म्हणजे तसंच ठेवा. थिनर इपॉक्सीचाच. स्वस्त एनसी थिनर ओतणाऱ्या पेंटरला गाडीला हात लावू देऊ नका.

पहिला हात ब्रशने, फक्त वेल्ड, कडा आणि सांध्यांच्या आतल्या कोपऱ्यांना. गन तिथे पोचते असं वाटतं, पण हवा कोपऱ्यातून उलटी फिरते आणि रंग बाहेरच बसतो. त्यानंतर पूर्ण दोन हात, वाळल्यावर प्रत्येकी 60 मायक्रॉनच्या आसपास. हिशेब असा: 25 मिलिमीटर चौकोनी नळीचा एक मीटर म्हणजे 0.1 चौरस मीटर. 60 मीटर नळी धरली तर 6, ब्रॅकेट आणि पत्रे मिळून 7. निम्मं घन प्रमाण असलेला (वाळल्यावर निम्मं आकारमान उरणारा) रंग 60 मायक्रॉनला लिटरमागे 8 चौरस मीटरच्या वर जातो, पण बारीक नळीवर गनचा निम्मा फवारा हवेतच जातो. तेव्हा दोन हातांना 4 लिटरचा सेट लागतो. ब्रशने केलं तर बरंच उरेल. वरून टू-के पीयूचा, म्हणजे दोन भागांच्या पॉलीयुरेथेन रंगाचा, हात द्या, कारण इपॉक्सी उन्हात पिठूळ होतो आणि पुढचे सस्पेन्शनचे आर्म अशा गाडीत उघडेच असतात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून जाणं घातक. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, आणि साध्या कार्ट्रिज मास्कवरही विसंबू नका; फवारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा.

सस्पेन्शनच्या आणि सीट बेल्टच्या बोल्टखाली मात्र प्रायमरचा एकच पातळ हात ठेवा, पीयू नको. जाड रंग बोल्टखाली दबत जातो आणि आवळलेला बोल्ट काही आठवड्यांनी ढिला सापडतो. अर्थिंगची जागा आणि बुशच्या नळ्या आधीच टेपने झाका.

इंदूरच्या हवेत या कामाचा मोसम दिवाळीनंतर होळीपर्यंत. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) निघेपर्यंत आटपलेलं बरं, पुढे उन्हात मिसळलेला रंग कपातच घट्ट व्हायला लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की वापरायचा वेळ साधारण निम्मा होतो. पावसाळ्यात नकोच. डिसेंबर-जानेवारीत वेगळी अडचण: पहाटे नळीवर दव धरतं आणि रात्री 10 अंशांखाली इपॉक्सीचं वाळणं जवळजवळ थांबतं. अकराला सुरुवात करून तीनपर्यंत गन धुऊन ठेवा.

पुढे दगडाने टवका उडाला तर स्प्रे कॅन फिरवू नका. तेवढा भाग धातूपर्यंत घासा, कडा उतरत्या करा, आणि झिंक फॉस्फेट थोडासाच मिसळून ब्रशने दोनदा लावा. पाच-दहा मिलिलिटरचं प्रमाण सुईशिवायच्या सिरिंजने नेमकं मोजता येतं. बेसला एक आणि हार्डनरला दुसरी.