नाशिकचा दगड, चंद्राचा दगड

काळाराम मंदिर, पांडवलेणी, ब्रह्मगिरी. नाशिककर ज्या काळ्या पाषाणात वावरतो, तो बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर चढले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे काळे डागही बेसाल्टचेच. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी १९७१ साली तिथून आणलेला बेसाल्ट सुमारे ३३० कोटी वर्षांचा निघाला. त्यातली मुख्य खनिजं आपल्या दगडातलीच: प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सीन, ऑलिव्हिन. मंगळाचं कवचही बहुतांशी बेसाल्टचंच आहे.

मग फरक कुठे? दगडातल्या भोकांत.

लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि पोकळ्या राहतात. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींत किंवा सिन्नरकडे विहीर खोदताना फुटलेला असा दगड हातात घेऊन बघा. पोकळीच्या भिंतीवर पीच रंगाचा स्टिलबाइट पेंढीसारखा उभा असतो, शेजारी अपोफिलाइटचे लखलखीत, कधी हिरवट स्फटिक. गरम पाणी खडकातून झिरपलं, त्यात सिलिका, कॅल्शियम, अॅल्युमिनियम विरघळलं आणि पोकळीत त्याचे स्फटिक वाढले. या खनिजांच्या रचनेतच पाण्याचे रेणू असतात. नाशिकच्या प्रत्येक शाळेनं मुलांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा तरी न्यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

अपोलो १५ च्या बेसाल्टलाही अशीच भोकं आहेत, पण ती रिकामी. चंद्राच्या पोटात पाण्याचा अंश आहे, ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या मण्यांत तो सापडलाय. खडकातून वाहणारं पाणी मात्र तिथे नव्हतं. म्हणून तिथल्या बेसाल्टमधले धातुरूप लोहाचे बारीक कण इतक्या वर्षांत गंजले नाहीत. आपल्याकडे पाण्यानं हाच दगड कुजवून द्राक्षबागांखालची काळी माती केली.

मंगळाची गोष्ट या दोहोंच्या मधली. तिथला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना काही विवरांच्या परिसरात अॅनलसाइम हे झिओलाइट गटातलं, म्हणजे स्टिलबाइटसारखंच रचनेत पाणी असलेलं खनिजही दिसलं आहे. बेसाल्टमध्ये ते सहसा कोमट ते गरम, खारट पाण्यातून तयार होतं. जुन्या जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या तर अशा जागांना मी अग्रक्रम देईन.