बदल नक्की कुठे अडतो?

संस्थेतल्या बदलांवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, एक आकडा हमखास कानावर पडतो: बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात. कारणही तयारच असतं, 'माणसांना बदल नकोच असतो.' या आकड्याचा माग काढत गेलं की १९९३ साल लागतं. मायकेल हॅमर आणि जेम्स चँपी या व्यवस्थापनतज्ज्ञांनी कामाची आमूलाग्र फेरमांडणी करणाऱ्या कंपन्यांबद्दल ५० ते ७० टक्के असा अंदाज वर्तवला होता. तो शास्त्रीय नाही, हेही त्यांनी तिथेच लिहिलं होतं. पुढे त्यातला 'अंदाज' गळाला, ५० गळाले, उरले ७०. मार्क ह्यूझ या अभ्यासकाने २०११ मध्ये हा आकडा देणारं प्रकाशित लेखन तपासलं, तेव्हा त्यामागे ठोस पुरावा सापडला नाही.

आकडा एक वेळ सोडून देऊ. पण माणसांना बदल नको असतो, हे तरी खरं ना? इथे मला मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं १९७८ सालचं गणित आठवतं. मूळ उदाहरण दंगलीचं आहे. आपण ते कार्यालयात आणू.

समजा १०० कर्मचारी आहेत आणि नवं सॉफ्टवेअर आलंय. प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो: 'इतक्या जणांनी वापरलं की मीही वापरेन.' एकाचा उंबरठा शून्य, म्हणजे तो कुणाची वाट न पाहता सुरू करतो. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिला सुरू करतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा. साखळी शंभराव्यापर्यंत जाते.

आता शेजारचं कार्यालय घ्या. तिथेही हेच आकडे, फक्त ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ आहे. पहिला सुरू करतो. त्याच्यानंतर १ वर हलणारं कुणी नाही, २ वाले दोघे दुसऱ्या माणसाची वाट पाहत बसतात. खेळ खलास. १०० पैकी १ जण. उंबरठ्यांची सरासरी पहिल्या कार्यालयात ४९.५, दुसऱ्यात ४९.५१. तरी अहवालात एकीकडे 'द्रष्टं नेतृत्व' लिहिलं जाईल आणि दुसरीकडे 'कर्मचाऱ्यांचा विरोध'.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्यक्षात उंबरठे असे ओळीने नसतात. घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे, सरासरीभोवती जास्त आणि कडांना विरळ असतात. सरासरी २५ धरा. आडव्या अक्षावर 'आतापर्यंत किती जण वळले' आणि उभ्या अक्षावर 'तेवढे पाहून वळायला तयार असलेले किती' असा आलेख काढा. हा वक्र ४५ अंशाच्या तिरक्या रेषेला जिथे पहिल्यांदा छेदतो, तिथे बदल थांबतो, कारण तिथे वळायला तयार असलेले सगळे आधीच वळलेले असतात. उंबरठ्यांमधला फरक कमी असेल, तर हा छेद अगदी सुरुवातीलाच येतो. प्रमाण विचलन (उंबरठे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) १२.२ च्या जरा खाली असताना बदल सुमारे ६ जणांवर अडकतो. ते जरासं ओलांडलं की वक्र रेषेच्या वर सुटतो आणि पुढचा छेद थेट शंभराच्या जवळ जाऊन पडतो. सरासरी तीच! म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने पेटवणाऱ्या भाषणापेक्षा साखळीतली सुरुवातीची मोकळी जागा शोधणं कधी कधी जास्त कामाचं. अर्थात सगळे सगळ्यांना दिसतात, हे इथे गृहीत धरलंय. सॉफ्टवेअर कोण वापरतंय हे शेजारच्या टेबलावरूनही दिसत नसेल, तर साखळी मुळात लागणारच नाही.

जाता जाता: प्रशिक्षणवर्गात नकार, राग, निराशा, स्वीकार असा एक 'बदलाचा वक्र' दाखवतात. त्याचं मूळ मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या मांडणीत आहे, आणि ती मरणासन्न रुग्णांबद्दल होती. नव्या हजेरी यंत्रावर वैतागलेल्या कारकुनाला ती लावणं म्हणजे राशिभविष्यच. कुठलीही मनःस्थिती कुठल्या ना कुठल्या टप्प्यात बसतेच.

माणसांना बदलच नको असतो का, हे पाहायला आता कारखान्यातला प्रयोग. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड पायजमा कारखान्यातला लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्त्री करणाऱ्या एका गटाच्या कामात बदल केला. बदल केवढा? आधी अर्धा डझन पायजम्यांची चळत सपाट पुठ्ठ्यावर रचायची, आता ती खोक्यात रचायची. नगामागे मिळणाऱ्या मजुरीचे दर बदलले, कारण समजावून सांगितलं, शंकांना उत्तरंही दिली. उत्पादन घसरलं ते घसरलंच, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. दुसरीकडे, ज्या गटांना बदलाची आखणी करतानाच सामील केलं होतं, त्यांचं उत्पादन लवकर सावरलं आणि आधीच्याही वर गेलं.

अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, बिनसलेल्या गटातले उरलेले १३ जण पुन्हा एकत्र आणले आणि त्यांना नवं काम दिलं, या वेळी आखणीत सामील करून. तेच कामगार. उत्पादन झपाट्याने सावरलं, भांडणं नाहीत, कुणी सोडूनही गेलं नाही.

लगेच 'सहभाग द्या, चमत्कार घडेल' असं मात्र कुणी म्हणू नये. गट लहान होते. फ्रेंच यांनीच सहकाऱ्यांसोबत नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उत्पादनात फरक दिसला नाही. कामगारांना ज्या गोष्टी ठरवायला दिल्या होत्या, त्यांचा उत्पादनाशी फारसा संबंधच नव्हता.