हिपॅटायटिस 'सी' आणि नवरा-बायको

नवऱ्याच्या रक्तात हिपॅटायटिस 'सी' हा यकृताला सूज आणणारा विषाणू निघाला म्हणजे त्याचे पाऊल वाकडे पडले आणि आता बायकोलाही लागण होणारच, हा समज विदर्भातल्या खेड्यांत अजून टिकून आहे; त्यापायी ताट-वाटी वेगळी होते, सुनेला माहेरी धाडले जाते, आणि हा निव्वळ अन्याय आहे. हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो : एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला, पूर्वी न तपासता चढवलेले रक्त, दाढीचे तेच ते ब्लेड. अमेरिकेतील ५०० जोडप्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकनिष्ठ जोडीदाराला संबंधातून लागण होण्याचे प्रमाण वर्षाला फार तर ०.०७ टक्के, म्हणजे दहा हजारांत सात, आढळले. एचआयव्ही असल्यास धोका वाढतो. हिपॅटायटिस 'बी' मात्र संबंधातून सहज पसरतो. त्याची लस आहे. 'सी'वर लस नाही, पण बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो.