मातीचा ओला नमुना पिशवीत कोंडू नका
(माती परीक्षणासाठी येणाऱ्या ग्राहकांकरिता)

पावसाचे दिवस आले की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "गेल्या वेळी लोह कमी सांगितलंत म्हणून फवारणी केली, आता म्हणता भरपूर आहे. खरं काय धरायचं?" बहुतेक वेळा यंत्राचे दोन्ही आकडे बरोबर असतात. फरक पडलेला असतो तो शेतातून निघाल्यापासून आमच्या टेबलावर येईपर्यंतच्या काळात. ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, तोंडाला घट्ट गाठ मारायची आणि पिशवी चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवायची, ही त्यामागची नेहमीची चूक. नमुना कसा काढायचा हे आपल्याला ठाऊक आहेच, म्हणून इथे फक्त त्यापुढचं लिहितो.

मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवून जगतात. कुजवताना सुटणारे इलेक्ट्रॉन त्यांना कुणाला तरी द्यावे लागतात. हवा असेपर्यंत ते ऑक्सिजनला देतात. ओल्या मातीत मात्र पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. त्यात पिशवीचं तोंड बंद आणि वर उकाडा. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीजकडे, मग लोहाकडे. त्याहीपुढे गेलं तर सल्फेटची पाळी येते आणि पिशवी उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो.

लोहाला असे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, म्हणजे त्याचं क्षपण करणाऱ्या जिवाणूंमध्ये जिओबॅक्टर हे सर्वांत अभ्यासलेलं नाव. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून मिळालेल्या अशा जिवाणूचं काम १९८७ साली प्रसिद्ध झालं. मातीला तांबूस रंग देणारं फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हा जिवाणू त्या कणालाच इलेक्ट्रॉन देतो आणि त्यातून विरघळणारं फेरस लोह तयार होतं. इतर जिवाणूंनी पालापाचोळा आंबवून केलेलं अ‍ॅसिटेट हे त्याचं आवडतं खाद्य. अ‍ॅसिटेटचा एक रेणू पूर्ण जाळायला त्याला लोहाचे आठ अणू लागतात. म्हणजे थोडंसं कुजलं तरी लोह बरंच हलतं, आणि ताजं शेणखत पडलेल्या शेतातला नमुना सगळ्यात लवकर बिघडतो.

अहवालावर याचा परिणाम असा होतो: लोह आणि मँगनीज वाढलेले दिसतात, नायट्रेट घटतं, लोहाला चिकटून बसलेला स्फुरद सुटा होतो, आम्लधर्मी मातीचा सामूसुद्धा (पीएच) वर सरकतो. सेंद्रिय कर्बाच्या तपासणीत फेरस लोह डायक्रोमेट (कर्ब मोजायला घालतो ते रसायन) खातं, त्यामुळे कर्बही आहे त्यापेक्षा जास्त भासतो. एकंदरीत जमीन कागदावर सुधारलेली दिसते आणि खताचा हिशेब चुकतो.

"मग तीच माती आता वाळवून आणतो," असं बरेच जण म्हणतात. त्याने भागत नाही. निळसर-करडं ढेकूळ फोडून हवेत ठेवलं की काही तासांत त्यावर तपकिरी साय धरते आणि माती पूर्ववत झाल्यासारखी वाटते. पण नव्याने बनलेला हा गंज कच्चा, विस्कळीत रचनेचा असतो आणि मातीतलं लोह काढून घेणाऱ्या आमच्या डीटीपीए द्रावणात जुन्या पक्क्या गंजापेक्षा सहज उतरतो. नायट्रेटचा वायू होऊन उडालेला नत्र तर परत येतच नाही. म्हणून आम्ही अशी पिशवी परत करतो आणि नवा नमुना मागतो. काहींना हे नखरे वाटतात. पण लोह कमी की पुरेसं हे ठरवायला जी ४.५ पीपीएमची (दहा लाख भागांत ४.५ भाग) मर्यादा सगळे धरतात, ती हवेत वाळवलेल्या मातीसाठी ठरवलेली आहे. सडलेल्या नमुन्याचा आकडा तिच्याशी ताडून तुमचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

तेव्हा शक्यतो जमीन वाफशावर आल्यावरच नमुना घ्या. घाई असेल तर माती त्याच दिवशी कागदावर पातळ पसरा, ढेकळं हाताने फोडा आणि सावलीत वाळू द्या. कडक उन्हात किंवा भट्टीत नको, कारण उष्णतेनेही मँगनीजचा आकडा फुगतो. वाळली की कापडी पिशवीत भरा. घरी जागा नसेल तर ओली माती उघड्या घमेल्यात त्याच दिवशी आमच्याकडे आणा. वाळवायचे ट्रे आमच्याकडे आहेत आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.

चिबड जमीन किंवा भातखाचर असेल आणि मुळांशी फेरस लोह किती साचलंय हेच पाहायचं असेल, तर सगळं उलट करायचं. माती वाळवायची नाही, बरणी काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवायची. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके येत असतील तर ही तपासणी करून घ्यावी. त्यासाठी लागणारी बरणी आमच्याकडून आधी न्या. चटणी-लोणच्याच्या बरणीत आलेला नमुना आम्ही घेत नाही.

हे जिवाणू मारायचं औषध आहे का, असंही विचारतात. आम्ही ते विकत नाही आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. पाणी तुंबलेलं असताना सेंद्रिय पदार्थ कुजवायचं काम हेच करतात. चर काढून पाण्याचा निचरा केला की ऑक्सिजन परत येतो आणि लोहाचं क्षपण आपोआप थांबतं. शेतातल्या डबक्यावर तेलासारखा चकाकणारा तवंग दिसला तर काडीने हलवून पाहा. काचेसारखे तुकडे पडले तर तो बहुधा लोहाचा, तो डिझेलचा समजून घाबरू नका. तुकडे न पडता तवंग परत जुळून आला तर मात्र तेल कुठून गळतंय ते शोधा.

पिशवीवर गट क्रमांकासोबत नमुना घेतल्याची तारीख आणि त्या वेळी माती ओली होती की वाफशावर, एवढं जरूर लिहा. चिठ्ठी मातीत टाकू नका, तीही कुजते.