लाकडाला जुनेपण देणे (लघुप्रतिकृतींसाठी)

लघुप्रतिकृतीत वापरायच्या नव्या लाकडाला रंग, रसायने आणि हत्यारे यांच्या मदतीने ऊनपाऊस खाल्लेल्या, हाताळून झिजलेल्या लाकडाचे रूप देण्याची रीत. वाड्याचा दरवाजा, बैलगाडी, देव्हारा, झोपाळा, गणपतीच्या आरासीतले खेडे, दिवाळीच्या किल्ल्यावरचा महादरवाजा अशा कामांत ती लागते. घरगुती प्रतिकृतींचे रूढ प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एका फुटाला एक इंच. रेल्वेच्या प्रतिकृती बहुधा १:८७ असतात. लाकूड १ ते ३ मिमी जाडीचे असते. बाल्सा (फार हलके, मऊ लाकूड), पाइन, आइसक्रीमच्या काड्या, आगकाड्या, व्हिनिअरच्या (कागदासारख्या पातळ लाकडाच्या) पट्ट्या ही नेहमीची सामग्री. ती दिसायला पांढुरकी, कोरी असते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

हौशी कारागीर बहुतेकदा दुकानातून ‘वॉलनट’ किंवा ‘अँटिक’ नावाचा वुड स्टेन (लाकडात मुरणारा तयार रंग) आणतो आणि सगळ्या तुकड्यांवर सारखा फिरवतो. लाकूड तपकिरी होते, पण जुने वाटत नाही. लाकूड म्हातारे होते ते ठिकठिकाणी आणि वेगवेगळ्या कारणांनी: कुठे ऊन, कुठे पागोळ्या, कुठे चुलीचा धूर, कुठे माणसांचे हात. कोणत्या जागी काय घडले असेल हे आधी ठरवायचे आणि मग बाटली उघडायची, हा या कामाचा क्रम. तो उलटा झाला की प्रतिकृती नाटकाच्या पडद्यासारखी दिसते.

लाकूड जुने कसे होते

लाकडातील तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे लिग्निन. उन्हातील अतिनील किरणांनी ते पृष्ठभागावर फुटते आणि पावसाबरोबर वाहून जाते. मागे राहतात सेल्युलोजचे फिकट तंतू. म्हणून उघड्यावरचे लाकूड आधी पिवळट-तपकिरी आणि नंतर राखाडी दिसते. बुरशीची वाढ त्यात काळसर छटा मिसळते. ही राखाडी कातडी अगदी पातळ असते. तासणीचा एक फटका मारला की आत मूळ रंग दिसतो. पाइनसारख्या मऊ लाकडाचा उघडा पृष्ठभाग शंभर वर्षांत साधारण ६ मिमी झिजतो. १:१२ प्रमाणात हे अंतर अर्धा मिमी भरते. म्हणजे खोल खाचा पाडून ‘शंभर वर्षांचा दरवाजा’ करणारे कारागीर प्रत्यक्षात हजारेक वर्षांचा दरवाजा करत असतात.

सातारा जिल्ह्यात हे अभ्यासायला फार फिरावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या घरात. घाटमाथ्यावरचा खांब काळवंडतो, त्यावर शेवाळ धरते, जमिनीलगतचा भाग सडतो, कडा मऊ होतात. माणमधल्या दहिवडी-म्हसवडकडची किंवा सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडची चौकट कोरडी, चंदेरी, उभ्या चिरांची असते; तिच्यावर शेवाळाचा हिरवा ठिपका दिसला तर जाणकाराला तो खोटा वाटतो. खांब कोणत्या तालुक्यातला हे न ठरवता हिरवा रंग उचलू नये.

एक दरवाजा

वाई-मेणवली भागातल्या वाड्याचा सागवानी दरवाजा समोर धरू. आठ फुटी दरवाजा १:१२ प्रमाणात आठ इंच होतो. त्यात एक दिंडी (मोठ्या दारातले छोटे दार), वर गणेशपट्टी (गणपती कोरलेली आडवी पट्टी), फळ्यांवर लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि कडी. वरचा तिसरा हिस्सा छपराच्या छायेत राहिल्याने तपकिरीच असतो. खाली येता येता रंग फिका पडतो आणि तळाच्या हातभर भागात पागोळ्यांचे शिंतोडे उडून लाकूड राखाडी, तंतुमय झालेले असते. ही उतरंड एका रंगाची नाही: वर तपकिरी, मध्ये फिकट, खाली राखाडी, आणि अगदी बुडाशी पुन्हा काळपट, कारण तिथे ओल टिकते.

कडीच्या भोवती वीतभर जागा काळी आणि गुळगुळीत असते. ती मळाची आणि हाताच्या तेलाची. दिंडीचा उंबरा मधोमध दबलेला असतो, दोन्ही टोकांना नवाच राहतो. उंबऱ्याला वर्षानुवर्षे हळदीकुंकू लागलेले असते. त्यातली हळद उन्हात पटकन उडते, म्हणून प्रतिकृतीत उंबऱ्यावर लखलखीत पिवळा न देता भेगांत अडकलेला मंद पिवळट-लाल कण ठेवावा.

आणि खिळे. प्रत्येक खिळ्याखालून एक निळसर-काळी रेघ ओघळलेली असते. गंज तांबूस असतो, मग रेघ काळी का? पावसाच्या पाण्याने खिळ्यातले थोडे लोह विरघळते आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावून काळे संयुग तयार करते. जुन्या लाकडाचा हा डाग आणि लघुप्रतिकृतीवाल्यांचे सर्वांत आवडते रसायन, दोन्ही एकाच क्रियेची फळे आहेत. त्यामुळे ओघळ काढायला काळा रंग नको. बारीक ब्रशने खिळ्याखाली लोहाचे द्रावण टेकवले की लाकूड आपला ओघळ आपणच काढते, आणि तो कडेला फिका होत जातो तसा हाताने काढता येत नाही.

लोह आणि टॅनिन

द्रावण करायची पद्धत साधी. स्टील वूलचा किंवा भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गोळा साबणाने धुऊन त्यावरचे तेल काढायचे. (चकचकीत स्टेनलेसचा स्क्रबर चालत नाही, तो विरघळतच नाही.) गोळा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून बाटली दोन-चार दिवस ठेवायची. झाकण घट्ट लावायचे नाही, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. नंतर फडक्यातून गाळले की लोह-ॲसिटेटचे फिकट द्रावण मिळते. लाकडावर लावल्यावर लगेच फारसे काही दिसत नाही. हवेतला ऑक्सिजन लागून काही मिनिटांत रंग उतरू लागतो आणि तासाभरात पक्का होतो. नवखा माणूस इथेच दुसरा हात देऊन टाकतो आणि राखाडीऐवजी कोळसा मिळवतो.

बाभूळ, खैर, ओक यांच्यात टॅनिन भरपूर असते. बाल्सा, पाइन, आइसक्रीमच्या काड्या यांच्यात ते फारच कमी, त्यामुळे त्यांच्यावर नुसते द्रावण लावले तर मळकट पिवळा येतो. त्यांना आधी टॅनिन पाजावे लागते. इंग्रजी पुस्तके यासाठी कडक चहा सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगले साधन दारात आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या रानांत हिरड्याची झाडे मुबलक आहेत, आणि वाळलेल्या हिरड्यात टॅनिनचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. कातडी कमावायला आणि कापड रंगवायला हिरडा वापरतात तो याचसाठी. मूठभर हिरडा कुटून अर्धा लिटर पाण्यात उकळायचा, गाळायचा, काडीवर एक हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग लोहाचे द्रावण लावायचे. चहाने येणारी छटा उबदार तपकिरी-राखाडी असते, हिरड्याची थंड आणि निळसर. उन्हात वाळलेल्या माणदेशी लाकडासाठी पातळ हिरडा आणि पातळ लोह ही जोडी चहापेक्षा सरस ठरते.

व्हिनेगर नको असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी हिराकस (लोहाचाच एक क्षार) पाण्यात विरघळवून चालते. हिरडा आणि हिराकस ही काळ्या शाईची आणि काळ्या कापडाची जुनीच जोडगोळी. दक्षिणेतले कलमकारी कारागीर गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात. गुळाला सांगली-कऱ्हाडकडे तोटा नसल्याने हा प्रयोग इथे कोणीही करून पाहावा. मात्र लाकडात साखर उरते. मुंग्या आणि पावसाळ्यातली बुरशी तिचा माग काढतात. बंद काचेतल्या प्रतिकृतीला ते चालेल, दिवाळीच्या किल्ल्याला नाही.

इतर रंग

काथ तपकिरी-लाल देतो. वाळल्यावर वरून चुन्याची निवळी फिरवली तर लाली वाढते. पान खाणाऱ्यांना हे सांगायला नको. नुसती चुन्याची निवळी बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडालाही गडद करते. पोटॅशियम परमँगनेट जांभळे लागते आणि बघता बघता तपकिरी होते. ते केसांचे ब्रश खाते, म्हणून नायलॉनचा ब्रश घ्यावा आणि हातमोजे घालावेत. हळदीचा मोह सांगलीत तरी होणारच (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), पण तिचा रंग प्रकाशात टिकत नाही. चहाही काही वर्षांत उडतो. लोह-टॅनिनचा काळा त्यामानाने टिकाऊ आहे.

पाण्यातल्या कोणत्याही रंगाने पातळ लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पट्टी वाकते. उपाय दोन. दोन्ही बाजू एकाच वेळी ओल्या करून पट्ट्या सपाट वजनाखाली वाळवणे हा पहिला. दुसरा म्हणजे पाणी टाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुटांचा स्पिरिटवाला काळा किंवा तपकिरी रंग मिसळणे. पाव लिटरला एक छोटा चमचा पुरतो. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांचे हेच मुख्य हत्यार आहे, कारण ते मिनिटांत वाळते आणि हात वाढवत नेता येतो. खिडकी उघडी हवी आणि जवळ पेटते काही नको.

हत्यारे आणि प्रमाण

रंगाआधी पोत. पितळी किंवा बारीक तारेचा ब्रश तंतूंच्या दिशेने ओढला की वार्षिक वलयांतला मऊ भाग निघून जातो, कठीण रेषा उठून दिसतात. पाइनला हे फार शोभते, बाल्साचा मात्र भुगा होतो. बारीक दातांच्या करवतीने पट्टीवर एकदा हलका हात ओढला की करवतकाम्याच्या खुणा येतात. भुंग्याची भोके सुईने पाडतात, पण १:१२ प्रमाणात दोन मिमीचे खरे भोक सुईच्या अणीपेक्षाही लहान होते. तेव्हा अगदी टेकवून थांबावे, आणि तीही सरसकट न पाडता एखाद्या कोपऱ्यात गटाने. वाळवी भोके पाडत नाही. ती आतून पोखरते आणि बाहेर मातीचे घर चढवते.

तंतूंच्या रेषांचे प्रमाण हा सर्वांत कमी पाळला जाणारा नियम. सागाची खरी फळी कापून केलेली छोटी फळी खोटी दिसते, कारण तिच्या रेषा आठ इंची दरवाजावर वासाएवढ्या रुंद वाटतात. साग दाखवायला साग न घेता बारीक रेषांचे फिके लाकूड घेऊन ते सागासारखे रंगवावे. सुतारांना हे पटत नाही. त्यांचा जीव खऱ्या सागात असतो.

बैलगाडी हा वेगळाच धडा. ती बाभळीची, म्हणून पाया गडद तपकिरी. तुंब्याभोवती (चाकाच्या मधल्या गाभ्याभोवती) वंगणाचा काळा, तुकतुकीत थर, आऱ्यांवर राखाडी, धावेला (चाकावरच्या लोखंडी पट्टीला) लागून असलेल्या लाकडावर लोखंडाचा काळसर डाग, जू बैलांच्या मानेने घासून मधासारखे गुळगुळीत. धूळ शेवटी, पेस्टल खडूच्या भुकटीने. महाबळेश्वर-पाचगणीकडची धूळ जांभ्याची तांबडी, कृष्णाकाठची काळपट. सांगलीतले नदीकाठचे घर करायचे तर २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी शिकवलेली एक खूण आहे: गाळाची आडवी रेघ. ती दारावर, भिंतीवर, खांबावर एकाच उंचीला हवी, आणि तिच्याखालचे लाकूड फुगलेले, रंगाचे पापुद्रे सुटलेले.

जोडणी आणि शेवटचा हात

फेव्हिकॉल लागलेल्या जागी रंग शिरत नाही आणि पांढरा डाग राहतो. त्यामुळे आधी रंग, मग जोडणी. कापलेल्या टोकांनाही रंग द्यायला विसरू नये. पितळी कड्या-कोयंडे द्रावण पूर्ण वाळल्यावरच लावावेत, नाहीतर व्हिनेगरचा आम्ल अंश धातूला हिरवे करतो.

तेल लावायचे तर जवसाचे. ते हवेत वाळते. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावेत. राखाडी, उन्हाळलेल्या लाकडाला मात्र तेल लावूच नये. ते एका क्षणात पुन्हा ओले, नवे आणि गडद दिसू लागते, आणि सगळी मेहनत वाया जाते. चपडी (शुद्ध केलेली लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश घराच्या आतल्या वस्तूंना शोभते: देव्हारा, पलंग, झोपाळ्याची फळी. मिरजेची तंतुवाद्ये, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अशाच पॉलिशने चमकतात. १:१२ प्रमाणातल्या तंबोऱ्याला चकाकी देताना पॉलिश तीन-चार पट पातळ करावे. नेहमीच्या दाटीचा थर इतक्या लहान वस्तूवर काचेसारखा जाड दिसतो. बाहेरच्या लाकडाला संरक्षण हवेच असेल तर मॅट वार्निशचा एक फवारा पुरे, तोही आधी रंगवलेल्या फालतू तुकड्यावर मारून पाहून, कारण काही वार्निशांनी राखाडी रंग एक-दोन छटांनी गडद होतो.