फेनवे पार्कला निघण्यापूर्वी: बॉस्टन रेड सॉक्स आणि त्यांचं मैदान

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत आलेल्या आणि आमच्याबरोबर बॉस्टन बघणाऱ्या पाहुण्यांसाठी हे पत्रक आहे. फेनवे पार्क, म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान, इथे काय बघायचं हे आधी ठाऊक नसेल, तर तासाभराची मैदानफेरी संपते आणि लक्षात राहते ती फक्त एक उंच हिरवी भिंत.

आपली सुरुवात मैदानाबाहेर होते. बॉस्टनच्या ग्रीन लाईन मेट्रोच्या ई गाडीने नॉर्थईस्टर्न थांब्यावर उतरायचं. विद्यापीठाच्या आवारात साय यंगचा पुतळा आहे. बॉस्टनचा हा संघ १९०१ साली उभा राहिला, तेव्हा त्याचं मैदान इथेच होतं. १९०३ मध्ये पहिली वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) झाली, त्यात बॉस्टनने पिट्सबर्गला ५-३ असं हरवलं. साय यंग या संघाचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा होता. कारकिर्दीत त्याने ५११ सामने जिंकून दिले, आणि आजही वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. पुतळ्यापाशी एक अंतर मनात धरा: पिचर ते होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ६० फूट ६ इंच. क्रिकेटच्या दोन यष्टींमधल्या अंतरापेक्षा साडेपाच फूट कमी, आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो. तिथून फेनवे चालत साधारण वीस मिनिटं.

‘रेड सॉक्स’ हे नाव १९०८ पासूनचं, आणि फेनवे २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालं. ती डावीकडची भिंत म्हणजे ‘ग्रीन मॉन्स्टर’. उंची ३७ फूट २ इंच, होम प्लेटपासून डाव्या कडेला जेमतेम ३१० फूट. इतकी जवळ असल्यामुळे दुसरीकडे झेल होईल असा उंच फटका इथे भिंतीवर आदळतो आणि बॅटर दोन बेस (धावून गाठायचे थांबे) गाठतो. उलट सपाट, जोरकस फटका दुसऱ्या मैदानात होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा थेट मैदानाबाहेरचा फटका) झाला असता, तो इथे भिंतीला लागून परत येतो. म्हणून डावीकडच्या क्षेत्ररक्षकाला चेंडू कुठून कसा उसळेल हे पाठ असावं लागतं. टेड विल्यम्स, कार्ल यास्ट्रेम्स्की आणि जिम राइस या तिघांनी १९४० पासून १९८० च्या दशकापर्यंत एकापाठोपाठ एक ही जागा सांभाळली. भिंतीतला धावफलक आजही आत बसलेली माणसं हाताने बदलतात. धावांची एकेक पाटी १६ इंच चौरस असते.

टेड विल्यम्सचा आकडा क्रिकेटवाल्यांना गोंधळात टाकतो. १९४१ मधली त्याची सरासरी .४०६, पण इथे धावांचा संबंध नाही: ४५६ प्रयत्नांत १८५ हिट (फटका मारून बाद न होता बेस गाठणं). मोसमाच्या शेवटच्या दिवशी तो .३९९५५ वर होता, म्हणजे न खेळता बसला असता तरी .४०० धरले गेले असते. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट मारल्या. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये कुणीही पूर्ण मोसमात .४०० गाठलेलं नाही. उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची दिसेल: विभाग ४२, रांग ३७, क्रमांक २१. ९ जून १९४६ ला त्याचा ५०२ फुटांचा फटका तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर पडला होता.

बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूला १९१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क यांकीजना विकलं, म्हणून शाप लागला, ही कथा तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. १९१८ नंतर ८६ वर्षं विजेतेपद आलं नाही हे खरं, पण शाप आम्हाला पटत नाही. उजवीकडे वर लावलेल्या क्रमांकांत ४२ बघा. तो जॅकी रॉबिन्सनचा, विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा. एप्रिल १९४५ मध्ये याच मैदानावर त्याची चाचणी झाली आणि संघाने त्याला घेतलं नाही. या संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, १९५९ मध्ये आला. सगळ्या मोठ्या संघांत सर्वांत उशिरा. असे खेळाडू नाकारणाऱ्या संघाला शापाची गरज काय?

२००४ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजविरुद्ध ०-३ अशी पिछाडी होती. चौथ्या सामन्याच्या नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या इनिंगमध्येही एका धावेने मागे. डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठला (सगळ्यांना ठाऊक होतं की तो पळणार), लगेच बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला. पुढचे तिन्ही सामने जिंकून संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला आणि सेंट लुईसला ४-० ने हरवलं. पुढची विजेतेपदं २००७, २०१३ आणि २०१८ ची.

स्वतंत्रपणे सामना बघायला जाणार असाल तर: गाडी बी, सी किंवा डी धरून केनमोरला उतरा. ई गाडी कॉप्लीनंतर दुसरीकडे वळते, ही चूक फार होते. तिकीट घेताना ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलंय का पाहा. ग्रँडस्टँडमध्ये जुने लोखंडी खांब आहेत, खांबामागे बसलात तर पिचर दिसणार नाही. तिथल्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर कडेची खुर्ची मागा. उजवीकडच्या ५, ६ आणि ७ या विभागांत तोंड मैदानाच्या मध्याकडे असतं, सामनाभर मान वळवावी लागते. तिकीट ‘एमएलबी बॉलपार्क’ ॲपमध्ये येतं, ते घरच्या वायफायवरच उघडून ठेवा. एप्रिल-मेमधल्या संध्याकाळच्या सामन्याला स्वेटर आणि कानटोपी लागतेच.