फोररनरचा बॉल जॉइंट: कोणत्या सालचा वरचा, कोणत्या सालचा खालचा

टोयोटाच्या जुन्या फोररनर या एसयूव्हीचा बॉल जॉइंट, म्हणजे पुढचे चाक गाडीला धरून ठेवणारा सांधा, कसा तपासावा, हा प्रश्न अमेरिकेतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत दर वर्षी हिवाळा सरता सरता हमखास निघतो आणि त्याला दर वेळी तीच तीन उत्तरे मिळतात. एक जण सांगतो, गाडी चासीखाली, म्हणजे मूळ सांगाड्याखाली, जॅक लावून उचला आणि चाक हलवून पाहा. दुसरा सांगतो, चासीखाली अजिबात नाही, जॅक खालच्या आर्मखालीच, म्हणजे चासीपासून चाकाकडे जाणाऱ्या खालच्या हलत्या भुजेखालीच, लागला पाहिजे. तिसरा, ज्याची गाडी अजून सुखरूप चालते आहे, तो छातीठोकपणे सांगतो की बॉल जॉइंट जाण्याआधी महिनोन्‌महिने खडखडतो, तेव्हा आवाज येत नसेल तर काळजीचे कारण नाही. तिघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असू शकतात. गाडी कोणत्या सालची आहे हे मात्र कोणीच विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

टोयोटाने अमेरिकेत विकलेली १९९० ते १९९५ या मॉडेल वर्षांची फोररनर ही दुसरी पिढी, आणि १९९६ ते २००२ ही तिसरी. आज दोन्हींना सरसकट ‘जुनी फोररनर’ म्हटले जाते. दोन्हींत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म असतो आणि प्रत्येक आर्मच्या टोकाला एक बॉल जॉइंट असतो, त्यामुळे गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला मांडणी एकच वाटते. परंतु गाडीचे वजन ज्या वाटेने चाकापर्यंत उतरते ती वाट या दोघींत वेगळी आहे, आणि बॉल जॉइंटचा विचार करताना त्या वाटेइतके महत्त्वाचे दुसरे काहीही नाही.

बॉल जॉइंट म्हणजे काय, हे येथे विस्ताराने सांगत नाही. वाटीत बसलेली पोलादी गोळी, तिला जोडलेला दांडा आणि वर रबरी बूट, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. चाकाचा हब ज्या ओतीव तुकड्यावर बसतो त्याला नकल म्हणतात, आणि आर्म व नकल यांना जोडणारा सांधा म्हणजे हा जॉइंट. टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे टोक) आणि चाकाचे बेअरिंग यांच्याशी त्याची गल्लत करणारेही पुष्कळ आहेत, पण तो गोंधळ दोन वाक्यांत मिटतो. चाक उचलून घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर आधी टायरॉड एंड पाहावा. बारा आणि सहाच्या जागी लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे, आणि ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा समजावा.

आता मुख्य मुद्दा. दोन बॉल जॉइंटपैकी गाडीचे वजन एकच जॉइंट वाहतो. दुसरा केवळ चाक सरळ उभे ठेवण्याचे काम करतो. वजन कोणता वाहतो हे ओळखायला पुस्तक लागत नाही. स्प्रिंगचे टोक ज्या आर्मवर टेकलेले असेल, त्याच आर्मचा जॉइंट भारवाहू असतो. दुसऱ्या पिढीच्या फोर बाय फोर फोररनरमध्ये पुढे गुंडाळीची स्प्रिंग नाहीच; तिच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी लांब पोलादी सळई आहे, आणि ती वरच्या आर्मला जोडलेली आहे. म्हणून त्या गाडीत वरचा जॉइंट भार वाहतो आणि खालचा साथीला असतो. तिसऱ्या पिढीत टोयोटाने शॉक अब्सॉर्बरभोवती गुंडाळी स्प्रिंग बसवली आणि तिचे खालचे टोक खालच्या आर्मवर टेकवले. त्यामुळे भार खाली गेला, आणि वरचा जॉइंट साथीदार झाला. नाव तेच राहिले, पण या दोन सांध्यांनी आपसात कामांची अदलाबदल केली.

एवढ्यावर थांबले तरी निम्मा गोंधळ जातो, पण खरी मेख पुढे आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात. भार कोणत्या जॉइंटवर आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो भार गोळीला वाटीत दाबतो की वाटीतून बाहेर ओढतो हेही महत्त्वाचे असते. दुसऱ्या पिढीत वरचा जॉइंट आर्मच्या खालच्या अंगाला बसवलेला असून त्याचा दांडा खाली नकलमध्ये जातो. टॉर्शन बार आर्मला खाली रेटतो, रस्ता चाकाला वर रेटतो, आणि त्या दोन जोरांच्या मध्ये गोळी वाटीत दाबली जाते. तिसऱ्या पिढीत खालच्या जॉइंटची वाटी चार बोल्टांनी नकलच्या तळाशी बसवलेली आहे आणि दांडा तेथून खाली उतरून आर्ममध्ये जातो. येथे स्प्रिंग आर्मला खाली ढकलते आणि चाक नकलला वर नेऊ पाहते, म्हणजेच आर्म दांड्याला खाली खेचतो आणि नकल वाटीला वर उचलते. गाडी उभी असो वा चालत असो, गोळी अष्टौप्रहर वाटीतून निसटण्याच्या दिशेने ओढली जात असते, आणि तिला अडवून धरणारा असतो तो फक्त वाटीच्या तोंडाचा काठ.

हा फरक समजायला आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू पुरेशा आहेत. पहिला जॉइंट म्हणजे उखळात उभे केलेले मुसळ. उखळ कितीही झिजले तरी मुसळ आणखी खोल बसते, फार तर खडखडते, पण बाहेर पडत नाही. दुसरा म्हणजे शिंक्यात टांगलेले दह्याचे मडके. दोरी एकेक पेड झिजत असते तेव्हा मडके हलत नाही की वाजत नाही, आणि शेवटचा पेड तुटतो तेव्हा मडके जमिनीवर असते.

म्हणूनच ‘आवाज नाही ना, मग ठीक आहे’ हे वाक्य तिसऱ्या पिढीच्या गाडीबद्दल कोणी उच्चारले की माझ्या कपाळावर आठी पडते. खडखड होते ती गोळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटते म्हणून, आणि ओढीच्या जॉइंटमध्ये वजन गोळीला एकाच बाजूला, काठाशी, घट्ट धरून ठेवत असल्यामुळे रोजच्या चालण्यात तिला आपटायला फारशी सवडच मिळत नाही. काही गाड्या वाजतात, नाही असे नाही. परंतु न वाजणे ही निरोगी असल्याची खूण मानता येत नाही. काठ झिजून वाटीचे तोंड गोळीएवढे रुंद झाले की दांडा निसटतो, आर्म खाली जातो, चाक फेंडरमध्ये घुसून आडवे पडते, आणि ड्राइव्ह शाफ्ट व ब्रेकचा होज यांना जो हिसका बसतो तो वेगळाच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी पार्किंगमधून मागे घेताना, पायी चालण्याच्या वेगात, अशी बसली. त्याच्या महिनाभर आधी एका गॅरेजमध्ये चाक उचलून, बारा-सहाला हलवून, पुढचे सगळे सांधे उत्तम असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते.

त्या गॅरेजने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. त्यांनी चुकीच्या दिशेने हलवले. चाक हवेत असताना चाक, हब आणि ब्रेक यांचे वजन नकलला खाली, म्हणजे आर्मच्या दिशेने, बसवते, आणि तिसऱ्या पिढीच्या जॉइंटमध्ये त्यामुळे गोळी वाटीच्या तळाशी जाऊन स्वस्थ बसते. बारा-सहाला हातांनी दिलेला हिसका आडवा असतो. झिजलेला सांधा मात्र उभ्या दिशेने उघडतो. म्हणून या गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावावा, टायर जमिनीपासून बोटभर उचलावा, आधाराला घोडी (जॅक स्टँड) द्यावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, आणि मग टायरखाली पहार घालून चाक सरळ वर उचलावे. त्या वेळी दुसऱ्या माणसाने खाली वाकून नकल आणि आर्म यांच्या मधल्या फटीवर नजर ठेवावी, किंवा त्या जागी बोट टेकवून ठेवावे. पहार दाबल्यावर फट उघडताना दिसली किंवा बोटाला जाणवली, तर मी आणखी मोजमाप करत बसत नाही; जॉइंट बदलतो.

हीच कृती दुसऱ्या पिढीच्या गाडीवर केली तर तपासणी फसते. तेथे खालच्या आर्मखाली जॅक लावला की तो नकलला वर ढकलतो, नकल वरच्या आर्मला टॉर्शन बारच्या जोराविरुद्ध उचलते, आणि वरच्या जॉइंटमधली गोळी वाटीत इतकी घट्ट दाबली जाते की पूर्ण झिजलेला सांधाही नव्यासारखा वाटतो. त्या गाडीला चासीखालीच उचलावे लागते. मग वरचा आर्म आपल्या रबरी अडसरावर टेकतो, टॉर्शन बारचा जोर तेथेच अडतो, आणि चाक मोकळे लोंबते. आता पहारीने वर उचलले की जो काही प्ले असेल तो दिसतो. सुरुवातीच्या दोन्ही मित्रांचे भांडण एवढ्यावरच मिटायला हवे होते. दुसऱ्या पिढीच्या मालकांसाठी एक जादा सूचना: गाडी उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळत नेण्याची हौस असेल, तर वरचा जॉइंट सतत वाकड्या कोनात काम करतो आणि तो लवकर झिजला तर दोष टोयोटाला देऊ नये.

साथीचा जॉइंट दोन्ही गाड्यांत सावकाश त्रास देतो. स्टिअरिंग भरकटल्यासारखे वाटते, टायर एका कडेने खाल्ला जातो, अलाइनमेंट टिकत नाही. त्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणत नाही, पण तिसऱ्या पिढीच्या गाडीत वरचा जॉइंट करकरतो म्हणून तो बदलायचा आणि खालचा ‘आवाज करत नाही’ म्हणून ठेवायचा, हा उलटा कारभार मी अनेकदा पाहिला आहे.

दुसरा गैरसमज रिकॉलचा. टोयोटाने २००५ साली अमेरिकेत साडेसात लाखांच्या आसपास गाड्या खालच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या. त्यांत २००१ व २००२ च्या फोररनर होत्या, शिवाय टकोमा, टंड्रा आणि सेक्वोया होत्या. कारण असे की बनवताना गोळीच्या पृष्ठभागावर ओरखडे उठलेले असण्याची शक्यता होती, आणि ओरखडलेली गोळी वाटीला लवकर खाते. यावरून काही जण १९९६ ते २००० च्या गाड्या निर्धोक ठरवतात, तर काही जण ‘आमच्या गाडीचा रिकॉल झाला आहे’ म्हणून निश्चिंत असतात. परंतु ओरखडे हा त्या ठरावीक गाड्यांतला दोष होता. ओढ मात्र तिसऱ्या पिढीच्या प्रत्येक गाडीत आहे. आणि रिकॉलमध्ये बसवलेला जॉइंट आता वीस वर्षांचा झाला आहे, बर्फावर टाकलेल्या मिठाच्या वीस हिवाळ्यांसकट.

माझ्या ९९ च्या गाडीतून काढलेला उजवा जॉइंट मी कामाच्या टेबलावर ठेवला आहे. त्याच्या बुटाला नखाएवढी चीर आहे, आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल आहे, आणि वाटी हातात धरून तिरपी केली की दांडा घंटेच्या लोलकासारखा आपल्याच वजनाने झुलतो. नव्या जॉइंटचा दांडा अंगठ्याने हलवायलाही जोर लावावा लागतो. गाडी चालवताना या जॉइंटने एकदाही आवाज केला नव्हता.

बदलताना मी खालच्या जॉइंटसाठी टोयोटाचा मूळ भागच घेतो. त्याला ग्रीस निप्पल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरण्याचे तोंड, नसते, म्हणून काही जण बाहेरचा, निप्पल असलेला जॉइंट अधिक चांगला समजतात; मला ते पटत नाही. जेथे गोळीला धरून ठेवणारा केवळ एक काठ आहे तेथे मी त्या काठाच्या पोलादाची खातरी पाहतो, आणि झिजलेल्या काठावर ग्रीस भरल्याने तो परत जाड होत नाही. वरच्या, साथीच्या जॉइंटला बाहेरचा भाग मला चालतो. खालच्या जॉइंटचे चारही बोल्ट नवे घ्यावेत आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानेच, आवळावेत, कारण गाडीचा त्या कोपऱ्यातला सगळा भार त्या चार बोल्टांना लोंबकळतो. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. मागवताना डावा आणि उजवा भाग तपासून घ्यावा, कारण टायरॉड ज्याला जोडला जातो तो स्टिअरिंग आर्म याच तुकड्यात घडवलेला असल्याने दोन्ही भाग एकमेकांचे आरसे असतात. गेल्या वर्षी एका मित्राने खोकी उघडली तेव्हा दोन्ही जॉइंट डावे निघाले, आणि गाडी तोवर दोन्ही बाजूंनी मोकळी होऊन घोडीवर चढलेली होती.